मास्तरांची डावी पापणी

मास्तरांनी आयुष्यात कोणाला शाळा शिकवली नाही, आणि स्वतःही शाळेत फार दिवस टिकले नाहीत. पण बेकरीत भट्टी सांभाळणारा जो मुख्य माणूस असतो त्याला मास्तर म्हणतात, आणि आमच्या बेकरीची भट्टी मी कामाला लागायच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याच ताब्यात होती. मी टेम्पो चालवायचो. भाजून निघालेला पाव, बन, टोस्ट दुकानादुकानांत पोचवायचं माझं काम. राहायलाही आम्ही एकाच मजल्यावर, दारासमोर दार. त्यामुळे मास्तर मला कामावर भेटत आणि घरीही. सुटका नव्हतीच, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो. ते म्हणायचे, "सुटका हवीच असेल तर आधी लग्न मोड, माझ्यापासून कशाला?"

माणूस बुटका, छाती रुंद, हातावरचे केस भट्टीच्या धगीनं कायमचे जळालेले. आमची भट्टी विटांची, लाकडावर चालणारी. तोंड लहान आणि आत खोल गुहा. आत ट्रे सारायला आणि बाहेर ओढायला माणसाहून लांब दांड्याची चपटी फळी असते. आम्ही तिला वल्हं म्हणायचो. मास्तर ते वल्हं असं फिरवायचे की बघत राहावं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. मालकाला नावं ठेवणं, पिठाला शिव्या घालणं, लाकडं ओली आली की लाकूडवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मालक समोर उभा असला तरी फरक पडत नसे. मालकही हसायचा, कारण मास्तरांशिवाय त्या भट्टीचं कोणाशी जमत नव्हतं.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, लॉन्ड्रीत इस्त्री करायच्या. एकुलती एक मुलगी कुरिअरच्या ऑफिसात लागली होती. ती आईबापांच्या डोक्यावरून बघेल एवढी उंच, म्हणून घरात तिला शिडी म्हणायचे. "दोघं जण दिवसभर धगीत उभे राहतो, म्हणून पोरगी वाफेसारखी वर गेली," हे मास्तरांचं ठरलेलं वाक्य.

पापणीची सुरुवात चेष्टेतच झाली.

काउंटरवर मालकीणबाई बसायच्या. एकदा त्या हसू दाबत आत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ती चष्मेवाली बाई तक्रार करतेय. म्हणते, तुमचा भट्टीवाला मला डोळा मारतो."

आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. खरंच डावी पापणी अर्धवट खाली आली होती. उजवा डोळा टक्क उघडा, आणि डावा असा, की काहीतरी गुपित तुमच्या-माझ्यातच ठेवू म्हणतोय. आधी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे. रोज बघतो तो चेहरा आपण बघतच नाही.

"अहो, भट्टीत वाकून वाकून एक डोळा शिजला," मास्तर म्हणाले. "दुसरा अजून कच्चा आहे."

तेव्हापासून हा विषय बेकरीला पुरला. पीठ मळणारा त्यांना बघून डोळा मारायचा, मी मारायचो, मालकही एकदोनदा मारून गेला. वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मारायचाच होता तर तरुणपणी मारायचा. आता या वयात कोण बघतंय?"

खांद्याचं दुखणं मात्र चेष्टेचं नव्हतं. ते पापणीच्याही आधीपासून होतं. डाव्या खांद्यात, पाठीच्या फऱ्यामागे, आणि तिथून दंडाच्या आतल्या बाजूनं करंगळीपर्यंत. पण आयुष्यभर वल्हं ओढणाऱ्याचा खांदा दुखणार नाही तर कोणाचा? वहिनी तेल चोळायच्या, गरम पाण्याची पिशवी द्यायच्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मानेचे मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई झाल्या, हाडं बसवणारा झाला. गोळी घेतली की थोडं थांबायचं, पुन्हा मूळपदावर. पुढे पुढे त्यांना आडवं झोपता येईना. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलक्या काढायचे.

आणखी एक गोष्ट वहिनींनीच पाहिली. एका दुपारी त्या मास्तरांचा डबा घेऊन बेकरीत आल्या होत्या. भट्टी भरात होती. मास्तर ट्रे ओढून बाजूला झाले आणि वहिनींनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. चेहऱ्याच्या उजव्या बाजूनं घामाच्या धारा लागलेल्या, आणि डावी बाजू कोरडी ठणठणीत. कपाळाच्या मधोमध रेघ मारल्यासारखी हद्द.

"अहो, हे काय? अर्धाच घाम?"

"मालक अर्धंच काम बघतो, मग घाम कशाला पुरा गाळू?"

वहिनी हसल्या. मीही तिथंच होतो, मीही हसलो. तो विनोद मी दुकानादुकानांत सांगत फिरलो.

शेवटी डॉक्टरकडे जायचं ठरलं ते खांद्यासाठी नाही, घामासाठी तर नाहीच, पापणीसाठी ठरलं. चष्मेवाल्या बाईनंतर आणखी कोणी काही बोललं असावं. मालक म्हणाला, "मास्तर, डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन या. ऐकलंय, छोटंसं ऑपरेशन असतं, पापणी वर उचलून दोन टाके घालतात." शिडीनंही धोशा लावला. मास्तरांनाही मनातून वाटत असणार. माणूस कितीही थट्टेखोर असला तरी आरशात रोज कोणी दुसराच दिसणं बरं वाटत नाही. दाढी करताना ते डावी भुवई बोटानं वर ओढून धरतात, असं वहिनी सांगायच्या.

दुपारची फेरी संपवून मी त्या तिघांना टेम्पोतून नेलं. पुढे मास्तर आणि वहिनी, मागे रिकाम्या क्रेट्समध्ये शिडी. वाटेत मास्तर खुशीत होते. "टाके जरा जास्त घाला म्हणतो. एकदम आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा पाहिजे. मालक काही बोलला की असं बघायचं." त्यांनी डोळे विस्फारून दाखवले. एकच विस्फारला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. खोलीत गर्दी नको म्हणून मी बाहेर थांबत होतो, पण वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पण या. आम्हाला अर्धं कळत नाही, अर्धं लक्षात राहत नाही." म्हणून मी दाराला टेकून उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी पापणी मोजली, अक्षरं वाचायला लावली. नजर उत्तम होती. मग त्यांनी दिवा मालवला आणि बराच वेळ टॉर्चच्या मंद उजेडात दोन्ही डोळे बघत राहिल्या. पुन्हा दिवा लावला, पुन्हा मालवला. आम्हाला वाटलं, टाका कुठे घालायचा ते बघताहेत.

"अंधारात बाहुली मोठी होते," त्या म्हणाल्या. "तुमची उजवी होते, डावी बारीकच राहते. चेहऱ्याच्या या बाजूला घाम कमी येतो का?"

मास्तरांनी डाव्या गालावरून हात फिरवला. वहिनीच बोलल्या, "येतच नाही. अर्धाच येतो. तुम्हाला कसं कळलं?"

"आणि खांदा, हात दुखतो? डावाच?"

"ते आमच्या कामामुळे," मास्तर म्हणाले. "मानेचे मणके."

"बिडी, सिगारेट?"

"पोरगी झाली तेव्हा सोडली. त्याआधी ओढली, भरपूर."

त्यांनी जुने फोटो मागितले. शिडीनं मोबाइल काढला. मास्तर फोटोत फारसे सापडायचे नाहीत. जे होते त्यात एक तर हसून डोळे मिटलेले, नाहीतर भट्टीकडे तोंड. शेवटी मागच्या उन्हाळ्यातला एक निघाला. मास्तर, वहिनी आणि शिडी, तिघं गच्चीवर. शिडीनं बोटांनी तो मोठा केला आणि तशीच बघत राहिली. पापणी तेव्हाही खाली होती. थोडीशीच, पण होती.

डॉक्टरीणबाईंनी तो पाहून मोबाइल परत दिला आणि दोन्ही डोळ्यांत एक एक थेंब घातला. "बाहेर बसा. थोड्या वेळानं बोलावते."

बाहेर बाकावर मास्तर डोळे मिटून बसले. वहिनी पिशवीतली बाटली उगाच उघडत आणि बंद करत होत्या. तासाभरानं परिचारिकेनं आवाज दिला तेव्हा मास्तर उठले, आणि शिडी एकदम ओरडली, "बाबा!"

डावी पापणी वर गेली होती. पार वर. उजव्याच्या बरोबरीनं, कदाचित कणभर जास्तच. खूप दिवसांनी मास्तरांचे दोन्ही डोळे सारखे दिसले आणि एकदम ते जुने मास्तर दिसले, वल्हं घेऊन मालकाच्या अंगावर धावून जाणारे. भिंतीवरच्या आरशात त्यांनी पाहिलं, मान डावी उजवी केली, आणि लहान मुलासारखे हसले.

"आयला! एका थेंबात काम झालं! उगाच कापाकापीला घाबरत होतो." आत शिरता शिरताच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमच्या हाताला गुण आहे. हेच औषध लिहून द्या. दोन बाटल्या द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा दिवा मालवून पाहिलं, पुन्हा लावला आणि खुर्ची पुढे ओढून मास्तरांच्या अगदी समोर बसल्या.

"काका, हे औषध नाही. ही तपासणी आहे. संध्याकाळपर्यंत पापणी पुन्हा खाली येईल. हा थेंब चांगल्या डोळ्याला असं काही करत नाही. पापणी उचलणारी बारीक नस कुठेतरी दबली असेल तरच पापणी अशी वर जाते. ती वर गेली, म्हणूनच मला काळजी वाटतेय."

"म्हणजे डोळा बिघडलाय?"

"डोळा चांगला आहे. ही नस मेंदूतून खाली येते, छातीच्या वरच्या भागात शिरते, फुप्फुसाच्या टोकावरून वळते आणि मानेतून पुन्हा वर डोळ्याकडे जाते. तुमचा खांदा दुखतो, हात दुखतो. तिथे, त्या वळणावर काहीतरी असू शकतं. आजच छातीचा एक्स-रे काढा. उद्यावर टाकू नका."

मास्तर अजून आरशातल्या आनंदातच होते. त्यांनी वहिनींकडे पाहून मान हलवली. डॉक्टरला डोळा दाखवावा आणि त्यानं छाती तपासायला सांगावी, ही पण एक गंमतच, अशा अर्थानं. वहिनींनी मात्र पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

एक्स-रेमध्ये, डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्याही वर, पांढरा डाग होता. बघणाऱ्याला माहीत नसेल तर सहज सुटावा अशा जागी. मग मोठ्या मशीनमध्ये तपासणी झाली, सुईनं तुकडा काढला. त्या दिवसांत मी मास्तरांना रोज बघत होतो. पापणी त्याच संध्याकाळी खाली आली होती. तरी ते बेकरीत प्रत्येकाला सांगत होते, "तासाभरासाठी का होईना, सरळ झाली होती. भाऊला विचारा."

कॅन्सरच्या डॉक्टरांसमोरही आम्ही चौघं होतो. त्यांनी गोलमोल केलं नाही. गाठ फुप्फुसाच्या टोकाला होती. तिनं हाताकडे जाणाऱ्या नसा धरल्या होत्या, मणक्यात शिरली होती, आणि यकृतातही तिची पिल्लं दिसत होती. ऑपरेशन शक्य नव्हतं. दुखणं कमी व्हावं म्हणून किरणं देऊ, औषधं देऊ, ते म्हणाले.

"पण पापणीवरून लगेच कळलं ना?" शिडी म्हणाली. "लवकर कळलं ना?"

डॉक्टर म्हणाले, "पापणीमुळेच कळलं, नाहीतर अजून मणक्यांचे इलाज चालू राहिले असते. पण पापणी पडते तेव्हा गाठ आधीच त्या नसेला भिडलेली असते. त्यानंतरही बराच काळ गेला."

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे ही आता वर व्हायची नाही?" आणि बोट पापणीवर ठेवलं. कॅन्सर, यकृत, मणका, एवढं सगळं सांगितल्यावर माणूस पापणीचं विचारतो, याचं मला तेव्हा नवल वाटलं. नंतर वाटलं, त्यांना दिसणारं तेवढंच होतं. बाकीचं सगळं आत होतं, आणि आतलं दुसऱ्यांनीच पाहिलं होतं.

किरणांनी काही आठवडे आराम पडला. मास्तर आडवे झोपू लागले. एवढ्यावरच वहिनींच्या चेहऱ्यावर पालवी फुटली. मास्तर पुन्हा बेकरीत आले. पण डाव्या हाताची ताकद गेली होती. अंगठ्याजवळचं मांस उतरून तिथे खड्डा पडला होता, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखं वाकलं होतं. पहिलाच ट्रे ओढताना वल्हं हातातून निसटलं, ट्रे भट्टीच्या तोंडाशीच उलटा झाला, बन निखाऱ्यांत पडले. मास्तरांनी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी वल्हं भिंतीला नीट उभं केलं, हात धुतले आणि मला म्हणाले, "भाऊ, घरी सोड."

मालक घरी आला, हातात फळं. "मास्तर, घाई करू नका. भट्टी तुमचीच आहे. तुम्ही याल तेव्हा तुमच्या हातानंच पेटवू." तो खोटं बोलत होता असं मी अजूनही म्हणणार नाही. पण दुकानं पाव मागायची थांबत नाहीत. पीठ मळणाऱ्यानं प्रयत्न केला. अर्धा माल करपला, अर्धा कच्चा निघाला. पुढच्या महिन्यात मालकानं विजेची भट्टी आणली, कपाटासारखी, बटणांची. ती ठेवायला जागा पाहिजे म्हणून जुनी फोडली. काढलेल्या विटा मीच टेम्पोत भरून शहराबाहेर टाकून आलो. आतल्या बाजूनं त्या काचेसारख्या काळ्या चकचकीत झाल्या होत्या.

मास्तरांना सांगायचं नाही, असं वहिनींनी मला दारातच बजावलं. "त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे. राहू दे."

तेव्हा ते खाटेवरून फारसे उठत नव्हते. पुन्हा वेदना सुरू झाल्या होत्या, आधीपेक्षा वाईट. औषधानं तोंडाची चव गेली होती. मी एकदा नव्या भट्टीचा ताजा बन घेऊन गेलो. आणायला नको होता असं दारात पाऊल टाकताच वाटलं, कारण मास्तरांच्या एका घासात सगळं बिंग फुटणार अशी माझी खात्री होती. वहिनींनी दुधात भिजवून तुकडा भरवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"बघ," ते म्हणाले. "मी नसलो तरी भट्टी ऐकतेय. आपली चव आहे."

वहिनी वाटी घेऊन मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "हो मास्तर." आणखी काय म्हणणार?

त्यानंतर बोलणं कमी कमी होत गेलं. ज्या माणसाला गप्प करण्यासाठी आम्ही हात जोडायचो, त्याचा एक शब्द ऐकायला शिडी उशाशी बसून राहायची. मॉर्फिननं ते गुंगीत असत. कधी जागे झाले की कोणावर तरी चिडत, पण कोणावर ते कळत नसे, आणि शब्दही पुरे होत नसत. एकदा त्यांनी वहिनींना ओळखलं नाही. वहिनी बाहेर येऊन आमच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "देवानं न्यायचं तर माणूस अख्खा न्यावा. हे असं चोरट्यासारखं थोडं थोडं काय नेतोय?" माझ्या बायकोनं त्यांना चहा दिला. तो तसाच निवला.

एका सकाळी, शिडी कामाला निघायची वेळ झाली असताना, मास्तरांचा श्वास लांबत गेला आणि थांबला. फार काही घडलं नाही. शेजारच्या खोलीत कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. शिडीनं पायातली चप्पल काढली आणि परत आत आली.

मालकानं दुकान बंद ठेवलं. मालकीणबाई वहिनींच्या गळ्यात पडून रडल्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना शिडीनं फोन करून कळवलं. त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, निदान तुम्हाला थोडे जास्त दिवस मिळतील." शिडीनं थँक्यू म्हणून फोन ठेवला. मग मला म्हणाली, "थँक्यू कशाला म्हटलं मी?"

लॉन्ड्रीत वहिनी परत गेल्या, पण टिकल्या नाहीत. गरम इस्त्रीजवळ उभं राहिलं की भोवळ यायची. दोनदा कापड जाळलं. शिडीनं दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली. या जिन्यातून रोज चढणं-उतरणं तिला नको झालं होतं. आधी वहिनी तयार नव्हत्या. मग एक दिवस म्हणाल्या, "इथे राहून तरी काय राखू?" सामान थोडंच होतं. माझ्याच टेम्पोतून स्टँडवर नेलं. खोलीत आता एक नवं जोडपं राहतं. भली माणसं आहेत, दार नेहमी बंद असतं.

मध्ये एकदा मी शिडीला फोन केला. म्हणाली, आई दिवसभर खिडकीत बसते, विचारलं तर हो-नाही म्हणते, जेवण पुढे ठेवलं तर दोन घास खाते. मी म्हणालो, दे त्यांना. वहिनींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "बोला भाऊ." मी काय बोलणार होतो ते विसरलो. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. बराच वेळ आम्ही दोघं तसेच फोन धरून राहिलो. मग पुढच्या दुकानाची वेळ झाली, आणि मी ठेवतो म्हणालो.